आपल्या देहातील दोऱ्यांची हकिगत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात वाचून दाखविलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्याकडे कुणी एखादी भगिनी पाककृतीवर बोलते, कुणी संतचरित्र सांगते. या वर्षी चिटणीसबाईंनी माझ्या मागे लकडा लावला की, आरोग्यावर काहीतरी तुम्हीच बोला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यामुळे प्रथम संकोच वाटला. परंतु माझी पुतणी नांदेडला बी.एस्सी. करते. सुट्टीत घरी आली की ती आपल्या पुस्तकातले मला सांगते आणि मी भाकरी थापता थापता ऐकते. समजले नाही तर पुन्हा विचारते. अशा रीतीने दोन वर्षांत जे कानावर पडले, जे मला पटले, ते आज आपल्यापुढे मांडणार आहे. विषय ऐकून घाबरू नका. विषय आहे आपल्या देहातील बारीक दोऱ्यांचा. या दोऱ्यांवर आपले हिंडणे-फिरणे चालते, पोटातले बाळ यांच्या ओढीने आकाराला येते, आणि कर्करोग पसरतो तोही यांच्याच जोरावर.

आपले शरीर पेशींचे बनले आहे, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. मोठ्या माणसाच्या देहात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात असा अंदाज आहे. एक एक पेशी इतकी लहान की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मला आधी वाटे की पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी असावी. पण नुसती पाण्याची पिशवी जमिनीवर ठेवली तर ती पसरून बसते. पेशी तशी बसत नाही. कातडीची पेशी फरशीसारखी चपटी, मज्जातंतूची पेशी लांबच लांब, रक्तातली तांबडी पेशी मध्ये खोलगट. हे निरनिराळे आकार टिकतात, कारण पेशीच्या आत दोऱ्यांचा सांगाडा असतो. लग्नाचा मांडव जसा बल्ल्या आणि सुतळी यांच्या ताणावर उभा राहतो, तशी पेशी या सांगाड्यावर उभी असते.

या सांगाड्यात मुख्यतः तीन प्रकारचे धागे असतात. त्यांपैकी सर्वांत बारीक धाग्याचे नाव अ‍ॅक्टिन. आज मी त्याच्याविषयीच बोलणार आहे. हा धागा किती बारीक? असे धागे एकमेकांना चिकटवून शेजारी शेजारी ठेवले तर एका मिलिमीटरात सुमारे १ लाख ४० हजार मावतील.

अ‍ॅक्टिन हे एक प्रथिन आहे. त्याचा सुटा कण मण्यासारखा असतो. मणी मण्याला जोडत गेले की माळ होते, आणि अशा दोन माळांना पीळ बसून दोरी तयार होते. आपल्या हातातल्या काथ्याच्या दोरीसारखीच. पण एक फरक आहे. काथ्याची दोरी एकदा वळली की वळली. अ‍ॅक्टिनची दोरी पुढच्या टोकाला नवे मणी घेत वाढत असते आणि मागच्या टोकाचे मणी सुटत असतात. सुटलेले मणी पुन्हा पुढे ओवले जातात. म्हणजे दोरी तेवढीच राहते, पण पुढे पुढे सरकते. पेशीला जिथे जोर हवा तिथे ती दोरी वळते, आणि काम झाले की सोडवून टाकते. आपण पाहुणे आले की बाज टाकतो आणि गेले की उभी करून ठेवतो, तसा हा कारभार आहे.

या धाग्याचा शोध लागला हंगेरी देशातील सेगेड या गावी. तेथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांनी आपल्या गावच्या लाल मिरचीतून 'क' जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात काढले होते आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. पुढे महायुद्धाच्या काळात त्यांच्या प्रयोगशाळेत स्नायूंवर काम चालू असता, ब्रूनो स्ट्राऊब या त्यांच्या सहकाऱ्याने १९४२ साली अ‍ॅक्टिन वेगळे काढले. मायोसिन नावाचे दुसरे प्रथिन त्या आधीच माहीत होते. अ‍ॅक्टिनची दोरी आणि तिला ओढणारे मायोसिन, या दोघांच्या ओढाताणीतून स्नायू आखडतो. जात्याचा खुंटा फिरवताना आपला दंड टणक होतो, तो यामुळे. आणि मैत्रिणींनो, आपले काळीज धडधडते तेही यामुळेच.

पुष्कळ वर्षे लोकांना वाटे की हे फक्त स्नायूचे प्रकरण आहे. परंतु १९६६ साली जपानमधील दोन शास्त्रज्ञांनी चिखलात, पालापाचोळ्यात वाढणाऱ्या बुळबुळीत बुरशीसारख्या जीवातून अ‍ॅक्टिन काढून दाखविले. त्या जीवाला ना हात, ना पाय, ना स्नायू. मग हळूहळू कळून आले की वनस्पती, प्राणी आणि माणूस या सगळ्यांच्या पेशींत हा धागा आहे.

आता पेशी चालते कशी ते पाहू. रांगणारे मूल डोळ्यांपुढे आणा. ते प्रथम हात पुढे टाकते, तो जमिनीवर टेकते आणि मग मागचे अंग ओढून घेते. पेशीही तशीच रांगते. तिच्या पुढच्या कडेला अ‍ॅक्टिनचे धागे झपाट्याने वाढतात. धाग्याला फांद्या फुटतात, फांदीला आणखी फांदी फुटते, आणि हे सारे जाळे पेशीची पातळ कड पुढे ढकलते. ही झाली पहिली पायरी. दुसऱ्या पायरीत ती पुढे आलेली कड खालच्या भागाला घट्ट धरते. तिसऱ्या पायरीत मागच्या बाजूच्या दोऱ्या मायोसिन खेचून धरते आणि मागची पकड सुटून अंग पुढे येते. पुन्हा पहिल्यापासून. असे करत पेशी चालते. गती फार कमी, पण थकवा नाही.

हे डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर एक जुनी छोटीशी फिल्म आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी ती घेतली. पुतणीने ती मला मोबाइलवर दाखविली. एका बाजूला रक्तातील तांबड्या पेशी दाटीने बसलेल्या आहेत. त्यांच्यामधून एक पांढरी पेशी एका जंतूचा पाठलाग करते. जंतू इकडे वळला की तीही इकडे वळते. वाटेतल्या तांबड्या पेशींना बाजूला सारते आणि शेवटी त्याला गाठून गिळते. मांजर उंदरामागे लागावे तसे ते दृश्य आहे. त्या पेशीला मेंदू नाही, डोळे नाहीत. जंतूच्या अंगातून सुटणाऱ्या द्रव्याचा माग तिला लागतो, आणि ज्या बाजूला माग अधिक त्या बाजूला तिचे अ‍ॅक्टिनचे धागे वाढतात. आपल्या पायात काटा मोडतो, दोन दिवसांत तेथे पू धरतो, तो पू म्हणजे बहुतांशी अशाच धावून आलेल्या आणि लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी असतात. विळ्याने बोट कापले तर आठ दिवसांत भरून येते. तेव्हाही जखमेच्या कडेच्या कातडीच्या पेशी रांगत पुढे येऊन उघडा भाग झाकतात.

आता दुसरी गोष्ट सांगते. ती आपल्या सर्व आयाबहिणींच्या अधिक जवळची आहे. गर्भ राहिल्यावर आरंभी एकच पेशी असते. एकीच्या दोन, दोनांच्या चार अशा त्या वाढतात. एका पेशीच्या दोन होताना तिच्या कमरेभोवती अ‍ॅक्टिनचे कडे तयार होते आणि ते आवळत जाते. कणकेचा लांबट गोळा हाताच्या मुठीत मध्येच आवळून आपण त्याचे दोन उंडे करतो, अगदी तसेच.

परंतु नुसत्या पेशी वाढून बाळ होत नाही. कणकेचा गोळा कितीही मोठा झाला तरी त्याची करंजी आपोआप होत नाही. आकार द्यावा लागतो. पोटात तो आकार देणारे हात कुणाचे? तर याच दोऱ्यांचे. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यापासून होतो तो भाग पहिल्यांदा पापडासारखा सपाट असतो. त्या पापडातील पेशींच्या वरच्या तोंडाशी अ‍ॅक्टिनच्या दोऱ्या गोलाकार असतात. परकराच्या नेफ्यातील नाडी ओढली की घेर आवळतो. तशी ही नाडी पेशी-पेशीत ओढली जाते. पेशीचे वरचे तोंड अरुंद होते, बूड रुंद राहते. हजारो पेशींनी मिळून असे केले की पापडाच्या कडा उचलल्या जाऊन एकमेकींना मिळतात आणि त्याची नळी होते. गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत ही नळी बंद व्हावयाची असते. म्हणजे पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचे नीट कळलेलेही नसते, तोवर हे काम उरकलेले असते!

ही नळी खालच्या बाजूस उघडी राहिली तर बाळाच्या पाठीवर गाठ किंवा उघडी जागा राहते, वर उघडी राहिली तर डोके पुरे बनत नाही. आईच्या अंगात फॉलिक आम्ल कमी असले तर हा धोका वाढतो. म्हणून ज्या सुनेला, लेकीला मूल हवे आहे, तिने दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून फॉलिक आम्लाच्या गोळ्या सुरू कराव्यात. तीन महिने झाल्यावर गोळी सुरू करू असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण तोवर नळीचे काम केव्हाच संपलेले असते. आणि कुणाच्या पोटी असे बाळ आले तर त्या माउलीला ग्रहणात विळी धरली होतीस, अमुक खाल्लेस, असे बोल लावणे आपण आता सोडून द्यावे. तिचा त्यात काही अपराध नसतो.

पुढे बाळाच्या पाठीच्या बाजूने निघालेल्या काही पेशी चालत चालत चेहऱ्याकडे येतात आणि त्यांच्यापासून जबड्याची, गालांची हाडे होतात. आपला चेहरा दूरवरून पायी आलेल्या पेशींनी बांधलेला आहे, हे ऐकल्यावर मी पुतणीला दोनदा विचारले, खरे का ग? ती म्हणाली, काकू, अगदी खरे.

आता तिसरी गोष्ट. हिच्यासाठीच मी आज उभी राहिले आहे.

बाळ पुरे झाले की बहुतेक पेशींचे हिंडणे थांबते. तोंडाच्या आतील त्वचा, गर्भाशयाचे मुख, स्तनातील दुधाच्या नळ्या, या ठिकाणच्या पेशी एकमेकींचा हात धरून रांगेत राहतात. हात धरण्याचे काम करणारी वेगळी प्रथिने असतात आणि ती आतून अ‍ॅक्टिनच्या दोऱ्यांना बांधलेली असतात. या रांगेच्या खाली एक पातळ, चिवट पडदा असतो. शेताला जसा धुरा, तसा हा पडदा. पेशींनी त्याच्या वर राहावयाचे, खाली उतरावयाचे नाही.

पेशीच्या मूळ सूत्रात बिघाड झाला की ती नको तितकी वाढू लागते. हा कर्करोगाचा आरंभ. पण जोवर ती धुऱ्याच्या आत आहे, तोवर शेत आपल्या ताब्यात असते. पुढे काही पेशी शेजारणीचा हात सोडतात. बाळपणी चालण्याची जी विद्या होती आणि जी त्यांनी बाजूला ठेवली होती, ती पुन्हा काढतात. अ‍ॅक्टिनच्या दोऱ्यांचे टोकदार पाय काढून पडद्यात घुसवतात आणि त्या पायांतून पडदा विरघळवणारा रस सोडतात. हराळी कशी धुऱ्याखालून शेजारच्या वावरात शिरते ते आपण जाणताच. वरून एक काडी दिसते, खाली मुळ्या हातभर गेलेल्या असतात. पडदा ओलांडला की पेशी रक्तात किंवा गाठींच्या रसात शिरते आणि फुप्फुसात, यकृतात, हाडात जाऊन नवे बिऱ्हाड करते. कर्करोगाने जी माणसे दगावतात त्यांपैकी बहुतेक पहिल्या गाठीने दगावत नाहीत, या पसरण्याने दगावतात.

१९५३-५४ च्या सुमारास लंडनमध्ये मायकेल अ‍ॅबरक्रॉम्बी आणि जोन हेझमन या बाईंनी काचेच्या भांड्यात पेशी वाढवून त्यांचे चालणे पाहिले. निरोगी पेशी चालत येत, दुसरीला टेकल्या की थांबत आणि दिशा बदलत. कर्करोगाच्या पेशी मात्र निरोगी पेशींना टेकूनही थांबत नसत. शेजारधर्म सोडलेले माणूस जसे असते तसेच हे.

अशी काचेच्या भांड्यात पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा आपल्या देशात उभी केली ती एका मराठी बाईने, हे सांगताना मला अभिमान वाटतो. त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे. जन्म १९१७, पुणे. हुजूरपागा शाळेत शिक्षण, नंतर फर्ग्युसन कॉलेज. मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ साली त्या डॉक्टरेट झाल्या. पुढे अमेरिकेत बॉल्टिमोरला जाऊन जॉर्ज गे यांच्याकडे पेशी वाढविण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ते काम सुरू केले. स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी उंदरांवर पुष्कळ प्रयोग केले. १९६६ ते १९७० या काळात त्या त्या संस्थेच्या संचालक होत्या. १९७३ साली त्यांनी इतर स्त्री-शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील राजूर भागात आदिवासी बायामुलांच्या पोषणाचेही काम केले. २००१ साली त्या गेल्या. एवढी मोठी शास्त्रज्ञ, पण तिला आपले ज्ञान प्रयोगशाळेत कोंडून ठेवावेसे वाटले नाही. त्यांचे गुरू डॉ. खानोलकर यांनी तंबाखू खाण्या-ओढण्याच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध फार पूर्वीच दाखवून दिला होता.

आणि येथे मला आपल्या घरातले बोलणे भाग आहे. आपल्या भागात कित्येक बायका सकाळी उठल्यावर मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली ती काळी पूड. दात दुखतात म्हणून सुरू होते, मग दिवसातून चार वेळा लागते. पुरुषाच्या हातातील विडी दिसते, त्याला कुणी तरी रागावते. बाईची मशेरी कोनाड्यातल्या डबीत असते. ती व्यसनात कुणी धरतच नाही. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ सालापासून बंदी आहे, पण डबीतल्या मशेरीला कोण बंदी करणार? ती आपली आपणच करावी लागेल.

माझ्या एक चुलत सासूबाई होत्या. मशेरीची सवय तरुणपणापासूनची. गालाच्या आत एक पांढरा चट्टा आला. दुखत नव्हता, म्हणून त्या बोलल्या नाहीत. पुढे तेथे फोड झाला, तिखट लागेना, तेव्हा घरात कळले. उष्णता झाली असेल म्हणून तूप लावले, तुरटीच्या गुळण्या झाल्या. एका जाणत्या म्हणविणाऱ्याने सांगितले, त्याला सुई-चाकू लावू देऊ नका, लावला की खवळतो. यात सात महिने गेले. गाठ मानेपर्यंत आली तेव्हा दवाखाना गाठला. शेवटचे चार महिने तर घरात त्यांचे ताट-तांब्या वेगळा केला होता, लेकरांना त्यांच्याजवळ जाऊ देत नव्हते. दुखण्यापेक्षा ते ताट त्यांना जास्त लागले. मला एकदा म्हणाल्या, सूनबाई, मी काय महारोग आणलाय का ग?

या दोन्ही समजुती खोट्या आहेत, हे मी आता आपल्याला दोऱ्यांच्या हकिगतीवरून सांगू शकते. रोग पसरतो तो पेशी स्वतःच्या पायांनी चालते म्हणून. डॉक्टरांनी सुईने तुकडा काढून तपासल्याने तो पसरण्याचा धोका अगदी नगण्य असतो. उलट तुकडा तपासल्याशिवाय पेशी धुऱ्याच्या आत आहे की बाहेर गेली, हे कळतच नाही. सुई टाळून आपण फक्त तिला चालायला वेळ देतो. आणि दुसरे, या पेशी एका ताटातून दुसऱ्याच्या अंगात जाऊन रुजत नाहीत. आजारी माणसाजवळ बसावे, त्याच्या हातचे खावे, त्याला भरवावे. महारोग म्हणून ज्याला आपण भितो, त्यालाही आज औषध आहे आणि त्याही माणसाला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

कुणी विचारील, या दोऱ्यांमुळे जर रोग पसरतो, तर दोऱ्याच तोडणारे औषध का देत नाहीत? मीही हेच विचारले होते. उत्तर असे की, त्याच दोऱ्यांवर आपले हृदय चालते, पांढऱ्या पेशी जंतूमागे धावतात, जखमा भरतात. सरसकट दोऱ्या तोडल्या तर रोगाआधी माणूसच जाईल. फक्त रोगी पेशीचेच पाय बांधता येतील असा उपाय शोधण्यासाठी जगभर शास्त्रज्ञ झटत आहेत. तोवर आपल्या हाती जो खात्रीचा उपाय आहे तो एकच, पेशी चालू लागण्याआधी तिला गाठावयाचे.

आणि हे होऊ शकते, याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच आहे. १९९९ साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात मुंबईचे टाटा रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठे काम हाती घेतले. खेड्यांचे ५२ गट केले आणि ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांना त्यात घेतले. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे होतो. काही गटांत या विषाणूची तपासणी केली, काहींत दुसऱ्या दोन रीतींनी तपासणी केली आणि काही गटांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. २००९ साली निकाल जाहीर झाला. ज्या गटांत विषाणूची तपासणी एकदाच झाली होती, तेथे या कर्करोगाने ३४ बायका दगावल्या. जेथे विशेष तपासणी नव्हती तेथे ६४. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले! या बायका आपल्यासारख्याच शेतात जाणाऱ्या, लाजणाऱ्या, पहिल्यांदा नको म्हणणाऱ्या होत्या. त्यांनी पुढे येऊन जे दाखविले ते आज साऱ्या जगातील डॉक्टर वाचतात.

बार्शीची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. तेथे १९८७ साली बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतील खेड्यांत कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले. नोंद करणारे लोक गावोगाव जात, लोकांना एकत्र बसवून रोगाची लक्षणे समजावून सांगत. काही वर्षांनी दिसून आले की गर्भाशयमुखाच्या रोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या आहेत. नुसते बोलल्याने! म्हणून म्हणते, आपल्या मंडळात आपण जे बोलतो ते वाया जात नाही.

आता करावयाचे काय, ते थोडक्यात सांगते. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारा फोड असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर दुखो वा न दुखो, दाखवून या. स्तनात गाठ लागली, त्वचा ओढल्यासारखी झाली, बोंडातून रक्त आले, तर दाखवून या. पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर जाऊ लागले, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पतीसंबंधानंतर रक्त दिसले, घाण वासाचे पाणी जात राहिले, तर दाखवून या. ही सगळी लक्षणे कर्करोगाचीच असतात असे नाही. पुष्कळदा साधा विकार निघतो आणि मन हलके होते. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरील बायकांच्या तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी ठेवलेली आहे. आपल्या आशाताईंना विचारले की त्या सांगतील. गर्भाशयमुखावर सौम्य आम्ल लावून पाहण्याची एक साधी रीत आहे, त्यात दोषाची जागा पांढरी दिसते. भूल नाही, टाके नाहीत. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी विषाणूची लसही आहे, आणि २०२३ सालापासून पुण्याच्या सीरम संस्थेने केलेली आपल्या देशातली लस मिळू लागली आहे. खर्चाची धास्ती वाटत असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. नांदेडचे शासकीय रुग्णालय आपल्याला रेल्वेने जवळ आहे, आणि पुढचे उपचार लागले तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.

एक सूचना मंडळापुढे ठेवते आणि थांबते. संक्रांतीला आपण वाण लुटतो. प्लॅस्टिकच्या वाट्या, डब्या आता प्रत्येकीच्या घरी ढीगभर झाल्या आहेत. यंदा मंडळातर्फे वाण म्हणून प्रत्येकीला एक लहान आरसा द्यावा. महिन्यातून एकदा, न्हायच्या दिवशी, उजेडात उभे राहून प्रत्येकीने आपले तोंड आतून पाहावे. गाल ओढून, जीभ उचलून. सासूबाईंना दिसत नसेल तर सुनेने त्यांचे पाहावे. आणि ज्या भगिनीच्या कोनाड्यात मशेरीची डबी आहे तिने ती त्याच दिवशी रिकामी करावी. दवाखान्यात जावयाचे झाले तर एकटीने जाऊ नये. मंडळातल्या दोघींनी तिच्याबरोबर जावे. मी स्वतः माझे नाव त्यासाठी आजच चिटणीसबाईंकडे देते. आणखी कोण कोण देणार, ते कार्यक्रम संपल्यावर मला सांगा.